तीन सेकंदांचा तारा

पहाटे जेमतेम तीन सेकंद एक लघुग्रह एका ताऱ्याला झाकणार होता, आणि तेवढ्यावरून लघुग्रहाचा आकार काढायचा होता. मांडवगणच्या शेतात सुलक्षणानं दुर्बिणीला डोळा लावला. तारा विझला की 'गेला', दिसला की 'आला', असं रेकॉर्डरवर बोलायचं. म्हणून बिबट्याच्या धाकानं उसाकडेला रोज वाजणारा रेडिओ तिनं सासऱ्यांना बंद करायला लावला.

"आप्पा, मी सांगस्तवर एक शब्द बोलू नका."

मागं ऊस सळसळला. तिनं डोळा हलवला नाही.

"गेला," ती म्हणाली. मग, "आला."

ती हसत मागं वळली. आप्पा तिच्याकडं पाठ करून, काठी आडवी धरून उभे होते. त्यांच्यापुढं पाच पावलांवर बिबट्या बसला होता.

"आता बोलू का?" आप्पांनी हळूच विचारलं.