घाईची ऑर्डर

"वहिनी, ही ऑर्डर रद्द कर," नणंद मोबाइलमध्ये डोकावत म्हणाली. "खातं कालच उघडलंय. घासाघीस नाही, रंगाची चौकशी नाही, आणि बावीस फ्रेमा परवा सकाळपर्यंत हव्यात. असं कोण घेतं?"

फ्रेमवालीने लाकडाची पट्टी करवतीखाली तिरकी धरली होती. ती तशीच धरून राहिली.

नणंदेचं काही चुकत नव्हतं. मागे अशाच एका गोडबोल्या गिऱ्हाइकाने ढीगभर फ्रेमा मागवल्या आणि नापसंत म्हणून परत पाठवल्या. खोक्यांतून निघाले विटांचे तुकडे आणि रद्दी. वेबसाइटवाल्यांनी हात वर केले.

त्यावरून घरात वाजलं, तेही नेमकं नवरा बोटीवर जायला निघाला त्याच दिवशी. तो मोठ्या मासेमारी बोटीवर इंजिन सांभाळायचा.

"तुला कुणीही यावं आणि टोपी घालावी," बॅग भरता भरता तो म्हणाला. "बंद कर हे दुकान."

"तू जा बाबा एकदाचा," ती म्हणाली. "निदान घरात शांतता तरी होईल."

एरवी तो रस्त्याच्या वळणावर थांबून खिडकीकडे बघायचा. त्या दिवशी नाही बघितलं. पुढे बोट खोल समुद्रात गेली, फोन लागेना. तोंडातून गेलेलं ते वाक्य तिला परत घेता येईना. खिळे ठोकताना, काच पुसताना ते तिला टोचत राहायचं. तो आला की आधी माफी मागायची आणि मग धंदा कसा नीट चालवलाय ते दाखवायचं, एवढं तिने मनाशी ठरवलं होतं.

म्हणून तिने ऑर्डर रद्द केली नाही. गिऱ्हाइकाला सरळ फोन लावला.

"एवढ्या फ्रेमा कशाला हव्यात, कळेल का? राग मानू नका, एकदा पोळलेय मी."

"ऑफिसच्या कामासाठी." आवाज वयस्कर माणसाचा होता, बसलेला. "मी कारकून आहे तिथला."

"मग पत्ता घरचा कसा?"

"ऑफिसात आत्ताच बोभाटा नको, म्हणून."

नणंदेने भुवया उडवल्या. बघ, मी सांगत नव्हते?

"फ्रेमेत काय लावणार त्याचा नमुना पाठवा," फ्रेमवाली म्हणाली. "त्याशिवाय मी पट्टीला करवत लावणार नाही."



"एक फोटो पाठवतो," कारकून म्हणाला. "पण बाई, तुमच्या पाया पडतो, कुठे बोलू नका. घरच्यांना बाहेरून काही कळू नये, असं साहेबांनी बजावलंय. ते स्वतः प्रत्येकाच्या दारी जाणार आहेत."

फोन ठेवल्यावर नणंद म्हणाली, "नाटकी आहे मेला. बघ, काही पाठवत नाही तो."

तेवढ्यात मोबाइल वाजला. फ्रेमवालीने फोटो उघडला आणि मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावून, शाळेतल्या पोरासारखा ताठ बसलेला तिचा नवरा होता तो. कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो.

"अगंबाई, दादा!" नणंद ओरडली. "वहिनी, सत्कार! गेल्या वर्षी गोदामाची आग विझवणाऱ्यांचे फोटो नाही का कंपनीने ऑफिसात लावले? किती हेवा वाटला होता तेव्हा दादाला त्यांचा! यंदा त्यांच्या बोटीचा नंबर लागला बघ!"

दोघी हसत सुटल्या. हसता हसता फ्रेमवालीला रडू कसं आलं, तिचं तिलाही कळलं नाही.

"आपल्याला कळलंय हे त्या कारकुनाला सांगायचं नाही," डोळे पुसत ती म्हणाली. "बिचाऱ्याची नोकरी जाईल. साहेब आले की आपण काहीच माहीत नसल्यासारखं करायचं."

"मी तर चक्कर येऊनच पडते," नणंद म्हणाली आणि लगेच पडदे धुवायला काढायला गेली. साहेब घरी येणार म्हणजे घर कसं, घरासारखं दिसायला नको?

फ्रेमवाली कामाला भिडली. नवऱ्याची फ्रेम तिने आधी केली, जपून ठेवलेल्या सागवानाची. चारही कोपरे असे जुळले की नख फिरवून सांधा लागेना. पॉलिश करताना ती फोटोशी पुटपुटत होती, "चुकलं रे माझं. असं बोलायला नको होतं."

बाकीच्याही तिने तितक्याच मायेने केल्या. ही सगळी त्याच्याच बरोबरची माणसं. कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई दार उघडेल आणि समोर साहेब उभे असतील, हातात फ्रेम घेऊन. त्या बायकांचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढे येत होते.

दुसऱ्या दिवशी काम संपत आलं तेव्हा तिने कारकुनाला पुन्हा फोन केला. आवाजातला आनंद कळू नये म्हणून आधी घसा खाकरला.

"फ्रेमा तयार आहेत, संध्याकाळी घेऊन जा. आणि प्रत्येकीच्या खाली पितळी पट्टी बसवून देते, माझ्याकडून. तीवर काय कोरू? नाव आणि खाली हुद्दा?"

"फार केलंत, बाई. हुद्दा राहू दे," कारकून म्हणाला. "नाव कोरा, आणि खाली दोन तारखा. पहिली ज्याची त्याची वेगळी, ती मी कळवतो. दुसरी सगळ्यांची एकच आहे."