तीन विसा पाच

"पासष्ट लिव," मायाप्पानं चौथ्यांदा सांगितलं आणि बनीनं चौथ्यांदा पाटीवर ३५ काढले.

काढले तेही ठसठशीत, वळणदार. पोरगी मठ्ठ असती तर मायाप्पानं नशिबाला बोल लावून पाटी ठेवून दिली असती. पण ही डोळे मोठे करून, अगदी खात्रीनं चुकत होती आणि त्याचं डोकं फिरत होतं.

रविवार होता, गिरणी बंद. उद्या शाळेत मास्तर बनीची परीक्षा घेणार होते. मायाप्पा गिरणीला लागला तरी मायलेकी गेल्या दिवाळीपर्यंत मेंढरांमागं फिरत होत्या, त्यामुळं नऊ वर्षांच्या बनीनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. जे काय शिकवलं ते आईबापानंच. मास्तर म्हणाले होते, "गणित आलं तर तिसरीत बसवतो, नाहीतर पहिलीत." त्यावर बनीनं घरी येऊन जाहीर केलं होतं, की त्या शेंबड्या पोरांत बसवलं तर ती साळंत पाऊलच टाकणार न्हाय. हट्टाच्या बाबतीत पोरगी आईवर गेली होती, तेव्हा म्हणाली तसं करणार यात शंका नव्हती.

शिकवण्याची घरात वाटणी ठरली होती. लिहिणं मायाप्पाचं, कारण तो कामगारांच्या वर्गात दीड वर्ष जाऊन आकडे शिकला होता. तोंडी हिशोब अंबुबाईचा, कारण तिनं आयुष्यभर मेंढरं मोजली आणि एक कोकरू कधी चुकवलं नाही.

"कसं काढलंस ते तरी सांग," मायाप्पा दात आवळून म्हणाला.

"पासष्ट म्हंजे विसाचं तीन ढीग अन् वर पाच. तीन विसा पाच. तुमीच सांगितलं न्हवं, ढीग डावीकडं, सुटं उजवीकडं?"

मायाप्पानं कपाळावर हात मारला. "अगं, ढीग दहाचा असतोय! विसाचा कुनी सांगितला?"

बनीनं हळूच चुलीकडं बघितलं. तिथं अंबुबाई भाकरी थापत होती.

"मी सांगितला," ती मान न वळवता म्हणाली. "ढीग विसाचाच असतोय की. आमच्यात कुनी दहा-दहानं मेंढरं मोजल्याली बघितली का?"

"मास्तर काय मेंढरं मोजाया बसलाय व्हय?"

"मग ढीग दहाचा, हे तुमी पोरीला कवा बोलला? येकदा तरी?"

मायाप्पा बोलला नव्हता. दहाचाच असतो, त्यात सांगायचं काय, असं त्याला वाटत आलं होतं. आता स्वतःचीच चूक पदरात पडल्यावर तो जास्तच पेटला. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती आणि हातात उरला होता एक दिवस.

"आजपास्नं ह्या घरात विसाचं नाव काढायचं न्हाय! कुनीबी! बने, ढीग दहाचा. पासष्ट म्हंजे सहा ढीग, पाच सुटं. लिव."

बनीनं ६५ लिहिले. मायाप्पाला जरा धीर आला.

"शाबास. आता अठ्ठेचाळीस."

बनीचे ओठ हलले, बोटं हलली. तिनं लिहिलं २८.

"अगं भवाने!" मायाप्पा ताडकन उठला. "ढीग दहाचा, ढीग दहाचा, चार विसा येळा सांगितलं तुला!"

भाकरी थापायचा आवाज थांबला.

बनीनं घाबरून पाटी पुसली. मग "चार विसा, चार विसा" पुटपुटत डावीकडं चार काढला, उजवीकडं सुटं काहीच नव्हतं म्हणून पूज्य काढलं आणि ४० ची पाटी बापापुढं धरली.

"हे तरी बरोबर हाय का, आप्पा?"