सुधाकररावांची रोजची हार

“चाळीस मैलांवरून दिसते चिनी विमानायले,” सुधाकरराव बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

चिंतामणरावांचा अडकित्ता थांबला.

सत्त्याऐंशी साल होतं. चीनच्या सीमेवर दोन्ही फौजा समोरासमोर ठाकल्या होत्या. चिंतामणरावांचा एकुलता एक व्यंकटेश तिकडे आसामात लढाऊ विमान उडवत होता. इकडे आदिलाबादेत हे कचेरीतले निवृत्त पेशकार आणि त्यांचे शेजारी सुधाकरराव रोज संध्याकाळी ओट्यावर चिनी विमानांच्या रडारचा विषय काढून बसत. दोघांनी जन्मात विमान पाहिलं ते कपाशीच्या शेतावरून जाताना, मान वर करून. पण वाद असा, की कापूस घेऊन जिनिंगच्या कारखान्याकडे निघालेले गाडीवान बैल थांबवून ऐकत.

वाद ठरवून होता. “सरोजिनी दाराआड उभी राह्यते,” चिंतामणरावांनी बजावून ठेवलं होतं. “सूनबाईचा जीव टांगणीला लागला हाय. तुमी चीनची बाजू घ्यायची अन् हरायचं.” लेकी बोले, सुने लागे, त्यात लेकीची जागा सुधाकररावांची. चिनी विमानाच्या रडारात दम नाही, सारी भिस्त वैमानिकाच्या डोळ्यांवर, ढगात शिरलं की आंधळी कोशिंबीर, हे चिंतामणरावांचं पालुपद. सुधाकरराव दोनचार सवाल टाकत आणि मुकाट्याने हरत.

आज रेडिओने घात केला. चीन बाहेरून नवं रडार घेतोय, असं त्यांनी दुपारीच ऐकलं होतं. वादाच्या भरात ते तोंडातून निसटलं.

“खरं काय?” चिंतामणरावांनी विचारलं. सुधाकररावांनी रेडिओवरची बातमी सांगून टाकली. चिंतामणराव उठले आणि आत गेले. अर्धी कातरलेली सुपारी ओट्यावरच राहिली.

 सुधाकरराव दाराशी गेले.

“सूनबाई, मनावर घेऊ नको. मी आपलं बोलून गेलो.”

“मले ठाऊक हाय, काका,” सरोजिनी हळूच म्हणाली. “तिकडचा धोका ह्यांनी जातानाच सारा सांगतला होता. पण मामाजींच्या डोळ्याला डोळा नाही. मले समजावता समजावता त्यायचं त्यायलेच पटते. म्हणून तर मी रोज इथं उभी राह्यते.”

मग तिने आत तोंड करून हाक दिली, “मामाजी, मले लय भेव वाटून राह्यलं. भायेर या ना.”

आत कोणीतरी खाकरलं. “रडार घेतलं म्हून काय झालं?” चिंतामणरावांचा आवाज चढला. “विमानात बसवाले सालोसाल लागतात. सुधाकररावायले म्हणा, बसा. जाऊ नका.”

सरोजिनीने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली होती. सुधाकररावांनी ते पाहिलं, तिने हात पदराखाली घेतला.  मग ते ओट्यावर परत जाऊन हरायला बसले.