राहुकाळाच्या आत

“आता कुठे आहात?” महिपतींनी फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

“परत पुलावर!” पलीकडून आनंदीबाई म्हणाल्या. “तुमचं घर खाली दिसतंय हो मला. गच्चीवरच्या चादरीसुद्धा दिसतायत. पण उतरायचं कुठून?”

आनंदीबाई म्हणजे मुलाची आत्या. भाच्याला घेऊन त्या बिबवेवाडीहून मुलगी बघायला निघाल्या होत्या. हायवेच्या चौकाचं नव्याने बांधकाम चाललं होतं. जुना पूल पाडला होता, नवे दोन उभे राहिले होते, आणि उरलेला रस्ता पत्र्यांच्या आड होता. महिपतींचा ऊस जिथे डोलायचा तिथे आता पुलाचा खांब होता. वर मोठमोठ्या हिरव्या पाट्या लागल्या होत्या. एक उतार चुकला की लांबचा वळसा घालून पुन्हा तिथेच यायचं.

“आणि एक सांगून ठेवते,” आनंदीबाई म्हणाल्या. “साडेचारला राहुकाळ लागतो. त्याच्या आत पोचलो तर ठीक, नाहीतर आम्ही आल्या पावली परत. राहुकाळात मी मुलगी बघत नाही.”

चार वाजून गेले होते. महिपतींचा चेहरा उतरला. आतल्या खोलीत त्यांच्या लेकीचा, निशाचा, उजळला.

तिचं या मुलाशी काही वाकडं नव्हतं. त्याच्या बायोडाटात ‘इंजिनिअर, खासगी कंपनी’ एवढंच होतं. पुण्यात याचा अर्थ हिंजवडीतलं आयटी, म्हणून पुढे कुणी काही विचारलंही नव्हतं. तिला हा बघण्याचा प्रकारच नको होता. मागच्या खेपेला मुलाच्या काकांनी तिला ‘जरा चालून दाखव’ म्हटलं होतं, आणि ती चालली होती. त्या काकांपेक्षा तिला स्वतःचाच राग जास्त आला होता, अजून येत होता. पुन्हा ट्रे घेऊन कुणासमोर उभं राहायचं नाही, एवढंच तिला हवं होतं.

“निशे, तूच जा,” महिपती म्हणाले. “माझा गुडघा हा असा. स्कूटीवर जा आणि त्यांना घेऊन ये.”

पोह्यांची कढई तशीच सोडून निशाची आई इंदुबाई बाहेर आल्या. “अहो, मुलगी स्वतःच पाहुण्यांना आणायला जाणार?”

“तोंडाला स्कार्फ गुंडाळल्यावर पुण्यातली कुठली पोरगी वळखू येती? शेजारची हाय म्हनायचं.”

निशाने वडिलांचं इतक्या तत्परतेने कधी ऐकलं नव्हतं. जिना उतरतानाच तिचा बेत ठरला. गाडीच्या पुढे राहायचं आणि तिला सरळ मुंबईच्या उतारावर नेऊन सोडायचं. ती वळून परत येईपर्यंत राहुकाळ लागलेला असेल.

गाडी पुलाच्या कडेला, पत्र्यांपाशी उभी होती. मागे आनंदीबाई डोळे मिटून स्तोत्र पुटपुटत होत्या. पुढे भाचा विक्रम खारे शेंगदाणे खात बसला होता. इतक्यांदा रस्ता चुकलेला माणूस इतका निवांत निशाने पाहिला नव्हता.

“मी शेजारची,” ती म्हणाली. “तोच उतार पुन्हा पुन्हा कसा काय चुकता?”

“पाट्या फार गोंधळाच्या आहेत हो.”

“वाचता येत असेल तर नाहीत.”

तो मनापासून हसला. मग तिच्या हेल्मेटकडे बघून हळूच म्हणाला, “तुमच्याकडे शेजारणीसुद्धा गजरा माळून तयार असतात वाटतं.”

हेल्मेटखालून अर्धा गजरा लोंबत होता. निशाने तो आत कोंबला. “माझ्या मागोमाग या. तेवढं तरी जमेल ना?”

गाडी मुकाट मागे निघाली. पुढे रस्त्याला फाटा फुटत होता. निशाने उजवीकडचा दिवा लावला. तेवढ्यात गाडी तिच्या शेजारी येऊन थांबली आणि काच खाली झाली.

“उजवीकडे मुंबई,” विक्रम म्हणाला. “तुमचं घर डावीकडे.”

“तुम्हाला काय माहीत?”

“पाट्या वाचल्या.”

आणि तो डावीकडे निघालाच. उताराखालचं वळण, भुयारी रस्ता, मग सर्व्हिस रोडवर लावलेल्या पिंपांमधली चिंचोळी वाट, तो कुठेही अडखळला नाही. निशाच त्याच्या मागून आपल्या घरी आली.

महिपती दारातच हात जोडून उभे होते. राहुकाळाला अजून थोडा अवकाश होता. निशा मागच्या दाराने शिरली, तिने स्कार्फ सोडला, चुरगळलेला गजरा आरशात बघून सारखा केला. आईने हातात पोह्यांचा ट्रे दिला. तिला संतापायला हवं होतं, पण डोक्यात भलताच प्रश्न घोळत होता. सारखा चुकणाऱ्या माणसाला एकाएकी डावीकडचा उतार कसा काय सापडला?

ती बाहेर आली. तिच्या चालण्याकडे विक्रमचं लक्षच नव्हतं. तो उठून ट्रे धरायला पुढे आला होता आणि गजरा बघून ओठ दाबून हसत होता.

“काय म्हणावं या पोराला!” आनंदीबाई पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाल्या. “मुलगी बघायची म्हटलं की याच्या पोटात दुखतं. आज कसाबसा गाडीत घातला, तर रस्ता चुकावा तो नेमका इथंच! अहो, तुमच्या खिडकीतून दिसतायत ना, त्या सगळ्या हिरव्या पाट्या यानंच तर उभं राहून बसवून घेतल्यात.”