तलफ

मांडवीच्या मासेमारी होडीचा तांडेल हरेश्वर दारू सोडायला तयार झाला, तशी बायको शेवंती त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तपासून गोळ्या लिहून दिल्या.

"गोळ्या कशाला?" शेवंती फणकारली. "मनात आणलं तर माणूस एका दिवसात सोडील. ह्यांच्या मनातच नाय!"

हरेश्वर मान खाली घालून बसला होता. बाईंनी शेवंतीचे काळे पडलेले दात पाहिले.

"तुम्ही मशेरी लावता?"

"लावते की. सकाळी, जेवल्यावर, मासे विकायला बसल्यावर..."

"यांच्याबरोबर तुम्हीही सोडाल?"

"त्यात काय मोठंसं!" शेवंतीनं मशेरीची डबी तिथंच कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी तिचं डोकं ठणकायला लागलं. आमटी करपली. गिऱ्हाइकाशी विनाकारण भांडण झालं. संध्याकाळी ती मशेरी आणायला दुकानाकडे निघाली, तेव्हा हरेश्वर दारात आडवा आला.

"जरा कळ काढ. थोडा वेळ छळते ही तलफ, मग जाते. मी बसतो तुझ्याजवळ."

तो खरंच बसला. चहा करून दिला, डोकं चेपलं. बऱ्याच वेळानं शेवंती हळूच म्हणाली, "तुम्हाला दारू नाय मिळाली की असंच होतं?"

"होतं तर. गोळ्यांनी आता जरा कमी आहे गो."

पुढच्या खेपेला दोघं दवाखान्यात गेली. बाईंनी शेवंतीला विचारलं, "काय म्हणतोय आपला पेशंट?"

तिच्याआधी हरेश्वरच हसून बोलला, "बरी आहे. कालपासून नीट जेवते पण."