बारावी खुर्ची

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून वर्षातून एकदा पाळक चर्चमध्ये बारा जणांचे पाय धूत. ते बारा जण मात्र घरूनच टाचा घासून, पावडर लावून येत. पाळकांच्या मुलाला या नाटकाचा मनस्वी तिटकारा होता. बापासारखा पाळक व्हायचं सोडून तो डुकरं पाळायला गेला, म्हणून याच बापाने त्याला घराबाहेर काढलं होतं.

यंदा तो डुकरांच्या वाड्यातून थेट आला आणि रिकाम्या बाराव्या खुर्चीवर बसला. त्याने गमबूट ओढून काढले, तसा आतला राडा फरशीवर सांडला. पहिल्या रांगेतल्या बाईने नाकाला रुमाल लावला.

"अगं बाई, हा तर पाळकांचाच!"

गुडघ्यांवर सरकत पाळक त्याच्यापुढे आले आणि थबकले.

"काय झालं, बाबा? आमचे पाय पायांत जमा नाहीत वाटतं?"

पाळकांनी पाय हातात घेतला. बोटांच्या बेचक्यांतली घाण ते नखाने काढू लागले, आणि एकदम मान वळवून भडाभडा ओकले.

"हेच बघायला आलो होतो," मुलगा म्हणाला आणि पाय मागे ओढू लागला. पाय सुटेना.

बापाने बाहीला तोंड पुसलं. चेहरा अजून वाकडाच होता.

"किळस येतेय रे. येऊ दे," तो म्हणाला. "दुसरा पाय दे."