खरं गिऱ्हाईक

रेंगानिसच्या डिझाइनच्या पोर्टफोलिओत कॉफीची दुकानं होती, साबणाच्या वड्या होत्या, बालीतलं एक हॉटेलसुद्धा होतं. आणि यातलं काहीच तिच्या बांडुंग शहरात काय, जगात कुठेच नव्हतं. नोकरीची मुलाखत तोंडावर आली, तेव्हा कॉलेजातल्या गुनादी सरांनी पानं चाळून मान हलवली. "देखणं आहे गं, पण सगळं हवेतलं. एका तरी खऱ्या गिऱ्हाइकाचं काम घाल."

झालं! तिच्या पायाला भिंगरी लागली. सलूनवाला, छत्रीवाला, चपलांचं दुकान, सगळ्यांनी हसून वाटेला लावलं. भर चौकात ती एकदम थबकली. आईच्या बाक्सोच्या, म्हणजे खिम्याच्या गोळ्यांच्या रश्श्याच्या, गाडीला अजून पाटीच नव्हती! आई वर्षभर मागे लागली होती, आणि हिचं आपलं एकच, "थांब गं आई, आधी माझा पोर्टफोलिओ होऊ दे!"

ती धावतपळत गाडीपाशी आली. "आई, तुझी पाटी आजच करते!"

आईने रश्श्यात डाव फिरवला. "आत्ता आठवलं होय तुला? तुझ्या वर्गातली सेक्ती कालच माप घेऊन गेली. तिला म्हणे पोर्टफोलिओसाठी खरं गिऱ्हाईक हवं होतं."